मुके घर

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझा भाचा पुण्याहून खामगावला सुटीला आला होता. लक्ष्मीपूजन आटोपून पाहतो तो स्वारी कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली! हातातल्या मोबाइलवर चित्र म्हणाल तर काहीच नाही.

"झोपलास की काय रे?"

"नाही मामा, लढतोय! तुम्ही बघा खेळून."

खेळाचे नाव 'अ ब्लाइंड लेजेंड'. २०१५ साली फ्रान्समध्ये निघालेला. नायक आंधळा सरदार. त्याची लहानगी लेक लुईस त्याला बोलून वाट दाखवते. तिचा आवाज उजवीकडून आला की उजवीकडे वळायचे, समोरून आला की पुढे जायचे. पाच मिनिटांत मी तीन वेळा धारातीर्थी पडलो!

भाच्याने मग मलाच विद्यार्थी केले. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. शिवाय बारीक, उंच आवाज मधल्या डोक्याने अडतो आणि पलीकडच्या कानाला मंद लागतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. आवाज नेमका समोरून किंवा पाठीमागून आला, तर मात्र दोन्ही कानांना सारखाच लागतो. तिथे कानाच्या पाळीच्या वळ्या मदतीला येतात. तरीही घोटाळा झाला तर मान थोडी वळवावी, की उलगडा होतो. हे सारे फरक हिशेबाने हेडफोनमध्ये भरले, की नसलेले जंगलसुद्धा भोवती उभे राहते.

मी हेडफोन काढला. समोर आई भिंत चाचपडत स्वयंपाकघराकडे निघाली होती आणि पोचली न्हाणीघराच्या दारात.

काचबिंदूने तिची दृष्टी जाऊन सहा वर्षे झाली. मेहकरच्या जुन्या घरात ती एकटी वावरत असे. मी तिला फ्लॅटमध्ये आणले आणि तिची वाट चुकू लागली. "वय झालं आता," असे आम्ही हलक्या आवाजात म्हणू लागलो होतो.

"आजी, मेहकरला तुला कसं गं कळायचं?" भाच्याने विचारले.

"त्यात काय कळायचं? माजघरात घड्याळ. डाव्या हाताला विहिरीचा रहाट. ओसरीवर आलं की आवाज मोकळा व्हायचा. इथे सगळं घर एकाच तोंडानं बोलतं, बाळा."

मी चपापलो. ते लंबकाचे घड्याळ आईने हट्टाने बरोबर आणले होते. पेपर तपासताना त्याची टिकटिक नको म्हणून मीच ते बंद केले होते. चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवले होते. आईने एकदा विचारले, तेव्हा "बिघडलंय" असे उत्तरही दिले होते!

दुसऱ्याच दिवशी, पाडव्याला, ते स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टांगले. गॅलरीच्या दाराला लहानशी पितळी घंटा बांधली. आईने दिवसभर त्या दोन आवाजांमध्ये येरझारा घातल्या.

भाऊबीजेला मेहकरहून मामा आला. ओवाळणीचे तबक मी हातात घेतले, तोच आई म्हणाली, "दे इकडे." आम्ही सारे श्वास रोखून उभे. घड्याळ पाठीशी ठेवून ती सरळ दिवाणखान्यात आली, मधेच थांबली आणि मान जरा कलती करून म्हणाली, "बोल रे काहीतरी! कुठं बसलास ते कळू दे."

"इथंच आहे, अक्का." मामाचा आवाज कापत होता.

आई दोन पावले पुढे झाली. निरांजन बरोबर त्याच्या चेहऱ्यासमोर फिरले.

हल्ली रात्री बाराच्या टोल्यांनी माझी झोप मोडते. मोडू दे. त्यानंतर कधी कधी आईची पावले पाण्याच्या माठाकडे जाताना ऐकू येतात. ती कुठेही अडखळत नाहीत.