सोयाबीनचे दहा कट्टे आणि अकरावीतली पोरगी

पिकअपचं वेड म्हटलं की मोबाईल तुम्हाला लगेच हायलक्स दाखवतो. चिखल, नदी, ड्रोन शॉट, आणि हौद्यात एकही पोतं नाही. मलाही ते रील्स आवडतात, खोटं कशाला बोलू. पण माझं वेड ज्या गाडीचं आहे ती भारतात विकतच मिळत नाही. साधी, छोटी, चार दारांची कार, फक्त मागं डिकीच्या जागी उघडा हौदा आणि खाली पडणारा फाळका. ट्रक नाही, टेम्पो नाही. वॅगनआर किंवा स्विफ्टला जे क्लचप्लेट, जे ब्रेकशू लागतात तेच हिला लागावेत, आणि गल्लीतल्या मिस्त्रीनं ती उघडावी.

ही मागणी हौशी वाटत असेल तर माझ्या मामाचा हिशेब ऐका. शेत अहमदपूर तालुक्यात, पोरगी लातूरला अकरावीत. 'लातूर पॅटर्न' काय असतो हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. दिवाळीची सुट्टी संपते तेव्हाच सोयाबीनही घरात आलेलं असतं. पोरीला होस्टेलवर सोडायचं असतं आणि सोयाबीन मार्केट यार्डात घालायचं असतं. रस्ता एकच, चाकूरवरून लातूर. दिवसही एकच. आणि गाड्या दोन लागतात. पुढं भाड्याचा छोटा हत्ती, त्यात दहा कट्टे. मागं मामाची जुनी वॅगनआर, त्यात पोरगी, मामी, गादी, पेटी, तूरडाळीची पिशवी. एका वर्षी वॅगनआर गॅरेजला होती. तेव्हा मामी केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली, आणि मामा नि पोरगी मागं कट्ट्यांवर, ताडपत्री अंगावर घेऊन. डॉक्टर व्हायला निघालेली पोरगी मालासोबत माल म्हणून लातूरला गेली.

जगात हा प्रश्न सुटून नव्वद वर्षं झाली. ऑस्ट्रेलियात असं सांगतात की १९३०च्या दशकात एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी करा, दोन घ्यायची आमची ऐपत नाही. पत्राची गोष्ट थोडी तेलमीठ लावलेली असेल. पण जिलाँगच्या कारखान्यात लू बँड्ट नावाच्या तरुण डिझायनरनं तशी गाडी आखली आणि १९३४ साली ती विकायला आली, हे खरं आहे. पुढचा भाग कार, मागचा भाग हौदा. तिकडं तिला 'यूट' म्हणतात. चर्चच्या जागी तुळजापूर घाला नि डुकरांच्या जागी सोयाबीन, ते पत्र औशाहूनही गेलं असतं.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. या गाडीची भावंडं आपल्याकडं येऊन गेली, तीच तेवढी मागं राहिली. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. त्याच वर्षी तिच्या घरातलीच एक चिमुकली गाडी सुझुकी जपानात विकायला लागली होती. मायटी बॉय तिचं नाव. दोन सीट, ५४३ सीसी, मागं छोटासा हौदा. ती आली नाही. २००१ साली फियाटची पालिओ आली. सचिनची सही असलेली एस-१० आठवत असेल कुणाला. त्याच पालिओवर बेतलेली स्ट्राडा नावाची पिकअप ब्राझीलमध्ये १९९८ पासून विकली जात होती. पालिओ इथं आली आणि विस्मरणात गेली. स्ट्राडा तिकडं वाढत राहिली, २०२० साली चार दारांची झाली, आणि २०२१ पासून सलग चार वर्षं ब्राझीलमध्ये सर्वांत जास्त खपलेली गाडी ठरली. सगळ्या गाड्यांमध्ये पहिली, फक्त पिकअपमध्ये नव्हे. तोही सोयाबीनचाच देश आहे, बरं का.

कंपन्यांना हे जमत नाही असंही नाही. टाटांनी १९८८ साली टाटा मोबाईल ही पिकअप काढली आणि १९९१ची सिएरा तिच्यावरच उभी केली. ज्या सिएराच्या आठवणीनं आज लोक हळवे होतात तिची आई पिकअप होती. छोटा हत्ती, म्हणजे एस, २००५ साली आला, आणि दोन वर्षांत त्याच्यावरच माणसं नेणारी मॅजिक आली. आज लोह्यापासून देगलूरपर्यंत कुठल्याही फाट्यावर ती भरलेली दिसेल. मारुतीची सुपर कॅरी २०१६ साली आली तेव्हा तिच्यात सेलेरिओ डिझेलचंच ७९३ सीसीचं इंजिन होतं. म्हणजे ट्रकमधून कार काढता येते, कारचं इंजिन ट्रकला बसवता येतं. फक्त शेतकऱ्याचं कुटुंब आणि शेतकऱ्याचा माल एका गाडीत बसवता येत नाही?

कुणी म्हणेल, कॅम्पर आहे की! आहे. बोलेरो कॅम्परचा मला आदर आहे. पाच माणसं, मागं हौदा, दणकट. पण ती चेसीवर उभी असलेली, मागं कमानपाटे असलेली, अडीच लिटर डिझेलची गाडी आहे. ती मी वीज आणि रस्त्याच्या ठेकेदारांकडंच जास्त पाहिली आहे, कारण तिचा खर्च रोजच्या भाड्यातून किंवा ठेक्यातूनच निघतो. पाच-सहा एकरवाल्यानं वर्षातून वीस दिवस माल वाहायला ती पोसायची कशी? शिवाय तिची पाटी पिवळी.

पाटीचं नीट सांगतो, कारण घोळ तिथंच आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात माल नेणारी गाडी म्हणजे 'ट्रान्सपोर्ट' वाहन. माल स्वतःच्या शेतातला असला, भाडं एक रुपया घेतलं नाही, तरी. तीन टनांच्या आतल्या गाडीला परमिट लागत नाही, एवढी सूट आहे. पण फिटनेस सुटत नाही. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. पांढऱ्या पाटीच्या कारला पंधरा वर्षं कुणी विचारत नाही. आणि गंमत बघा, तीस लाखांच्या घरातली हायलक्स पांढऱ्या पाटीवर फिरते. हौदा तिलाही आहे. म्हणजे हौदा मौजेसाठी असेल तर ती खाजगी गाडी, आणि सोयाबीनसाठी असेल तर धंदा.

ड्रायव्हरच्या बाबतीत हा भेद न्यायालयानंच पुसलाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या साध्या लायसनवर चालवता येते. माणूस तोच, लायसन तेच, हात तेच. वेगळी आहे ती फक्त पाटी.

त्या पाटीमागं विमा उभा आहे. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर विम्याचं संरक्षण आहे. फुकट बसवून नेलेल्या पाहुण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं वीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. मामा कट्ट्यांवर बसला होता तो मालाचा मालक. पोरगी कोण होती? हा प्रश्न त्या दिवशी कुणाला पडला नाही, कारण काही झालं नाही.

काही होतं तेव्हा काय होतं तेही आपण पाहिलंय. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतकामाला निघालेल्या बायांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत पडला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात जणी गेल्या. माझी लाडकी छोटी पिकअप त्यांना वाचवू शकली असती असं मी म्हणणार नाही. पाच सीटांत तेवढ्या बाया मावत नाहीत, आणि कुणाच्या मरणावर आपली हौस टेकवणं बरं नव्हे. पण मागं ट्रॉली असो की हौदा, सवय एकच आहे. मालाला गाडी मिळते, आणि माणसांनी उरलेल्या जागेत बसायचं.

यात सगळा दोष सरकारचा नि कंपन्यांचा नाही, आपलाही आहे. आपल्याकडं कार ही आधी इभ्रत असते, मग वाहन. सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर दारात हौद्याची गाडी उभी असली की "पोरगं टेम्पो चालवतं काय?" हा प्रश्न हमखास येतो. म्हणून सेडान घ्यायची, आणि मग तिच्या डिकीत पन्नास किलोच्या डीएपीच्या बॅगा कोंबायच्या. महिनाभर गाडीत खताचा वास. ओम्नीचं मागचं सीट काढून दुधाचे कॅन नेणारे तुम्ही पाहिले असतील. अर्धापूरकडं जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर केळीचे घड झोपवून नेताना मी पाहिलेत. लोक घरच्या घरी कारमधून हौदा कोरून काढतायत, आणि बाजार अभ्यास करून सांगतो की अशा गाडीला मागणी नाही.

माझं मागणं फार नाही. ठराविक वजनाच्या आतल्या, कारच्या सांगाड्यावरच्या, चार-पाच सीटांच्या पिकअपला शेतकऱ्याच्या नावावर पांढरी पाटी द्या. भाडं मारताना सापडला तर दंड करा, खुशाल करा. सहाशे किलो माल बसला तरी पुरे, दहा कट्टे होतात. पाटी मिळाली तर कंपन्या गाडी शोधतील. साचे त्यांच्याकडं आहेत.

मामानं यंदा जूनमध्ये वॅगनआरचं मागचं सीट काढून टाकलं. ते आता ओसरीवर आहे, आजी त्याच्यावर बसून शेंगा फोडते. परवा लातूरहून पोरीचा फोन आला होता. विचारत होती, दिवाळीला मला न्यायला याल तेव्हा सीट बसवून याल ना?