पदवी मिळाली, प्रॅक्टिकलची बाकी तशीच : मलकपेठच्या कोरोना बॅचचा हिशेब

मलकपेठ (हैदराबाद) : नांदेड, देगलूर, धर्माबादकडची पोरं शिकायला हैदराबादला जातात, हे आपल्या भागाला नवीन नाही. काचीगुड्याला रेल्वेतून उतरलं की मलकपेठ जवळच. तिथे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, शेजारच्या सैदाबादेत आणखी एक, आणि पुढे दिलसुखनगरपर्यंत हॉस्टेल अन् मेसच्या पाट्या. 2020 मध्ये प्रवेश घेतलेली बॅच 2024 ला बाहेर पडली. पहिल्या दिवसापासून कोरोनात शिकलेली ही पहिली बॅच. या पोरांचं नेमकं काय बुडालं, ते मार्क मेमोवर दिसत नाही.

थिअरी फारशी बुडाली नाही. झूमवर लेक्चर झाले, नोट्स व्हॉट्सअॅपवर आल्या, यूट्यूब तर होतंच. बुडालं ते हाताचं काम.

तारखा बघा. तेलंगणाची एमसेट मे महिन्यातून ढकलत सप्टेंबर 2020 ला झाली. एआयसीटीईच्या सुधारित वेळापत्रकात पहिल्या वर्षाच्या वर्गांसाठी 1 डिसेंबर ही तारीख होती. तेलंगणात कॉलेज उघडली 1 फेब्रुवारी 2021 ला आणि 24 मार्चपासून पुन्हा बंद. म्हणजे जेमतेम सात आठवडे. नंतर थेट 1 सप्टेंबर. पुढे जानेवारी 2022 मध्ये ओमिक्रॉनमुळे पुन्हा तीन आठवड्यांची सुट्टी.

पहिलं वर्ष म्हणजे वर्कशॉप, ड्रॉइंग, केमिस्ट्री-फिजिक्सची लॅब. कानस कशी धरायची, व्हर्नियर कसा वाचायचा, शॉर्ट सर्किट झालं की आधी काय बंद करायचं, हे मोबाईलच्या स्क्रीनवर बघून हाताला येत नाही. केंद्राच्या व्हर्च्युअल लॅब होत्या, त्यात हैदराबादच्या ट्रिपल आयटीचाही सहभाग आहे. पण तिथे चुकीची वायर जोडली तरी फ्यूज उडत नाही. वहीत माल जमा दाखवला, गोदामात आलाच नाही, असला हा प्रकार.

त्यात गावाकडची स्थिती वेगळी. 2017-18 च्या सरकारी नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या फक्त 4.4 टक्के घरांत कॉम्प्युटर होता, शहरात 23.4 टक्के. सी प्रोग्रामिंगचं प्रॅक्टिकल मोबाईलवर टाइप करणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. तेलंगणाची फी परतफेड योजना तिथल्या रहिवासी विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्याकडच्या पालकांना मात्र फी खिशातूनच भरावी लागते.

सीनियर बॅचेसचे हाल आणखी वेगळे. 25 मार्च 2020 ला शहरातल्या बऱ्याच हॉस्टेलवाल्यांनी पोरांना बाहेर काढलं. पाससाठी पोलीस ठाण्यांसमोर रांगा लागल्या, पासही मिळाले, आणि आंध्रच्या सीमेवर गरिकपाडूला गाड्या अडवल्या. मग पास देणं बंद झालं, कुणाला काढू नका म्हणून हॉस्टेलवाल्यांना तंबी मिळाली. आपल्याकडे यायचं तर रेल्वे बंद आणि महाराष्ट्रात जिल्ह्यांच्या हद्दी 23 मार्चलाच सील केलेल्या.

परीक्षेचं तर दोन राज्यांत दोन तऱ्हा. शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल, असं सुप्रीम कोर्टाने 28 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. महाराष्ट्रात बहुतेकांनी घरी बसून पर्याय निवडले. जेएनटीयू हैदराबादच्या पोरांनी मास्क लावून केंद्रावर पेपर लिहिले. तेव्हा पालक चिडले होते, पण ‘कोरोना डिग्री’चा टोमणा इकडच्या पोरांनाच जास्त ऐकावा लागला.

आता नोकरी. ही बॅच बाहेर पडली नेमकी मंदीत. मार्च 2024 ला संपलेल्या वर्षात टीसीएसची माणसं 13,249 ने घटली, इन्फोसिसची 25,994 ने. भरती जोरात असताना कंपन्या पोरांना घेऊन महिनोन् महिने ट्रेनिंग देतात. हात आखडला की तयार माणूस मागतात, आणि तिथे ही बॅच मागे पडते. सॉफ्टवेअरवाला घरी सराव करून निभावून नेईल. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलवाल्याने लेथ आणायचा कुठून?

कॉलेजच्या लॅब संध्याकाळी आणि उन्हाळ्यात कुलूपबंदच असतात. 2020 आणि 2021 च्या प्रवेशवाल्यांना त्या दोन-तीन आठवडे उघडून द्यायच्या, तर खर्च वीज, साहित्य आणि एका लॅब असिस्टंटचा. कॉलेजं आपणहून विचारणार नाहीत. पालकांनी चार-पाच जण मिळून लेखी अर्ज करावा, सोबत त्या वर्षाच्या फीची पावती जोडावी.