नोटपॅड आणि ब्राउझर पुरे

रायपूरच्या पंडरी कापड बाजारात माझ्या काकांचे दुकान आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला काम सांगितले : दुकानातल्या संगणकासाठी कोसा साड्यांचे एक वेब पान बनव, म्हणजे गिऱ्हाइकापुढे प्रत्येक वेळी गठ्ठा सोडायला नको. फोटो, नाव, भाव अशी एक चौकट मी लिहिली आणि चाळीस साड्यांसाठी चाळीस वेळा चिकटवली. दोन दिवसांनी काका म्हणाले, "भावाखाली ‘ब्लाउजपीससह’ असं टाक रे." चाळीस ठिकाणी! त्यातल्या तीन राहिल्याच, आणि नेमक्या काकूला दिसल्या.

कंपोनंट कशासाठी असतो, ते मला त्या दिवशी कळले. चौकट एकदाच लिहायची, तिला नाव द्यायचे आणि हवी तितक्या वेळा नावाने बोलवायची. बदल एकाच जागी.

चुलतभाऊ इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "थेट रिअ‍ॅक्ट शीक, नोकरीत तेच विचारतात." दादाचे खोटे नाही. तरी माझे मत असे की, नव्याने शिकणाऱ्याने, त्यातही आपल्यासारख्या वसतिगृहातल्या कॅडेटने, ब्राउझरच्या स्वतःच्या वेब कंपोनंट्सपासून सुरुवात करावी. रायफल हातात येण्याआधी आपण रिकाम्या हाताने कवायत करतोच की.

रिअ‍ॅक्टचा प्रकल्प नेहमीच्या पद्धतीने सुरू करायचा तर आधी इंटरनेटवरून ढीगभर पॅकेजेस उतरवावी लागतात. आपल्याजवळ मोबाइल नसतो आणि लॅबचा तास संपला की संगणक बंद. वेब कंपोनंटला नोटपॅड आणि ब्राउझर एवढेच लागते. ही कल्पना अ‍ॅलेक्स रसेल यांनी २०११ मध्ये मांडली. फायरफॉक्समध्ये ती २०१८ साली आली, आणि आज क्रोम, सफारी, एज सगळ्यांत आहे. म्हणजे लॅबमधल्या संगणकावर ती आधीपासूनच हजर आहे.

जावास्क्रिप्टमध्ये ‘एचटीएमएलएलिमेंट’पासून एक क्लास काढायचा, त्यातल्या ‘कनेक्टेडकॉलबॅक’मध्ये चौकट लिहायची आणि ‘कस्टमएलिमेंट्स डॉट डिफाइन’ने टॅगचे नाव ब्राउझरला कळवायचे. नावात जोडरेघ हवीच, म्हणजे उद्या एचटीएमएलमध्ये नवा टॅग आला तरी टक्कर होत नाही. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट : पहिले अक्षर छोटे रोमन लागते, पण पुढे देवनागरी चालते! माझा टॅग आहे रोमन ‘के’, मग जोडरेघ, मग ‘साडी’. त्यातला ‘भाव’ हा गुणधर्मही मराठीतच.

सगळे सरळ झाले नाही. फोटोच्या टॅगसारखा हा टॅगही मी शेवटी तिरपी रेघ देऊन बंद केला. ब्राउझरने ती रेघ मोजलीच नाही. पुढच्या एकोणचाळीस साड्या पहिलीच्या पोटात गेल्या आणि पानावर एकच साडी उरली. बंद करणारा टॅग वेगळा लिहावा लागतो, हे सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. बाहेरची सजावट आत शिरू न देणाऱ्या ‘शॅडो डॉम’ला तर पहिल्या महिन्यात हात लावू नये. मी लावला, आणि चौकटीचा रंग, कडा, सगळे गेले.

सतत बदलणाऱ्या माहितीचे मोठे अ‍ॅप करायचे असेल तर रिअ‍ॅक्टच सोयीचे, हे मान्य. पण डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट १९ मध्ये असे स्वतःचे टॅग नीट चालतात. मग आधीची मेहनत वाया जाते कुठे? आपल्या संगणकाच्या तासाला पहिले दोन आठवडे एवढेच शिकवले, तर पुढचे कितीतरी सोपे जाईल.

पंडरीत आता काका स्वतः फाइल उघडतात, ‘भाव’ शब्द शोधतात आणि पुढचा आकडा बदलतात. गेल्या रविवारच्या फोनवर त्यांनी पानाचे नावही काढले नाही. चाचणीत किती मार्क पडले, तेवढे विचारले.