खाणपट्ट्याचा पैसा खाणपट्ट्यात आणा

खाणी सुरू होणार, खाणमातीचे डंप उचलले जाणार, ट्रक धावणार. गोव्याच्या खाणपट्ट्याविषयी बोलायला सरकारकडे गेली कित्येक वर्षे एवढाच विषय आहे. खाण ब्लॉकचा लिलाव झाला की महसुलाचे आकडे जाहीर होतात. जनसुनावणीत गावकरी बोलायला उठले की मात्र वेळ संपत आलेली असते. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे येथील माणसांनी खाणीखेरीज कशावर जगायचे? हा प्रश्न कोणी मनावरच घेतलेला नाही, ही संतापजनक गोष्ट आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकमालकांचे हप्ते थकले, गॅरेज आणि खानावळी ओस पडल्या. कर्जदारांसाठी सरकारने योजना आणल्या आणि त्या गरजेच्याही होत्या, पण हप्ता फेडून नवा धंदा उभा राहत नाही. पहिल्या बंदीच्या वेळी दहावीत असलेली मुले आता तिशीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना आजही ट्रकच्या फेऱ्यांचेच आश्वासन मिळते.

पैसा नाही, असे म्हणण्याची सोय सरकारला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात खनिजविक्रीच्या दहा टक्के रक्कम लोहखनिज कायमस्वरूपी निधीत टाकायला लावली, तीही शाश्वत विकासासाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज निधी आला. तो तर खाणबाधितांचाच. त्यातला मोठा हिस्सा वर्षानुवर्षे पडून राहिला. डिचोलीतील शिरगावच्या विहिरी खाणींनी आटवल्या, तिथल्या बाईला या निधीचा काय उपयोग झाला?

पावसाळ्यात सत्तरीतील पिसुर्ल्याच्या बाजूला जाऊन पाहावे. डंपावरून उतरलेले तांबडे पाणी ओहोळातून शेतात शिरते. पाऊस ओसरल्यावर मागे उरतो बारीक, गुळगुळीत गाळ. उन्हात तो तडकतो, कवचासारखा घट्ट होतो, त्यावर नांगर चालत नाही. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती बाहेर पडते आणि ती अशी कोणाच्या तरी मेरेवर येऊन बसते. शेतकऱ्याच्या हाती भरपाई ठेवली की सरकारचे काम संपते. वास्तविक हा गाळ उपसणे, मेरा बांधणे, ओहोळ मोकळे करणे यातच शेकडो हातांचा रोजगार आहे.

पाण्याचेही तेच. उन्हाळ्यात ओपाच्या जलप्रकल्पाला पाणी कमी पडले की खाणींच्या खंदकांतले पाणी पंपाने नदीत सोडतात. शहरांची तहान भागवायला चालणारे पाणी तपासून शेजारच्या वायंगणी भातशेतीला का देता येत नाही? सांखळीच्या जुन्या खाणीवर काजू आणि बांबू वाढवून दाखवले गेले आहेत. मग बाकीच्या डंपांवर ऑस्ट्रेलियन बाभूळच का? गावच्या सहकारी संस्थेला डंप सोपवा, काजू तिचा, बांबू तिचा, सौरवीजही तिची, असे धोरण अजून का नाही?

जर्मनीने कोळसा बंद करण्याचा कायदा २०२० मध्ये केला, त्याच वर्षी कोळसा पट्ट्यांसाठी २०३८ पर्यंत ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूदही केली. तिथेही खर्चावरून भांडणे आहेत. पण खाण बंद पडण्याआधी पुढची सोय, हा क्रम तरी त्यांनी पाळला. महाराष्ट्रानेही तो आजच ध्यानात घ्यावा. गडचिरोलीतल्या सुरजागडचे लोहखनिज आता भरभरून निघते आहे; ते संपल्यावर एटापल्लीच्या माणसाने काय करायचे, याचा विचार खाण जोरात असतानाच व्हायला हवा.

खाण हवी म्हणणाऱ्या कामगाराचा इथे दोष नाही. त्याच्यापुढे दुसरे काही ठेवलेच नाही. गोवा सरकारने दोन्ही निधींत किती जमा झाले आणि कोणत्या गावात किती खर्च झाले, हे प्रत्येक खाणबाधित पंचायतीच्या फलकावर लावावे. शेतातला गाळ आणि विहिरीचे पाणी ही दोन कामे पुढच्या पावसाआधी हाती घ्यावीत. लिलाव त्यानंतर.