जल्प, वितंडा आणि उड्डाण

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानासाठी ओळखले जाते. विमानांशी त्याचा संबंध एवढाच, की फार उंचावरून जाणाऱ्या एखाद्या विमानाची पांढरी रेघ हिवाळ्याच्या सकाळी येथूनही दिसते. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. अशा गावी बसून हौशी उड्डाणाच्या आनंदावर लिहायला घ्यावे, हे काही जणांना हास्यास्पद वाटेल. आम्हाला त्या हसण्याविषयीही लिहायचे आहे.

आधी आनंदाविषयी. रब्बीची उलंगवाडी झाली की येथील काळी जमीन उघडी पडते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती शेजारच्या हिरव्या उसाच्या फडापेक्षा कितीतरी लवकर तापते. तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर चढू लागते. त्या चढत्या हवेने धूळ-पाचोळा उचलला, तर तिला आपण वावटळ म्हणतो. धूळ नसली तर ती कोणाला दिसत नाही, पण घारीला कळते. दुपारी बारा-एकच्या सुमारास घार पंख न हलवता गोल फिरत वर जाते, ती या हवेच्या खांबावर. इंजिनाविना उडण्याचे सगळे शास्त्र या एका दृश्यात आहे. हडपसरला ग्लायडर उडवणारे आणि कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडर घेऊन उतरणीवर धावणारे लोक घारीचेच अनुकरण करीत असतात. स्थिर हवेत पॅराग्लायडर सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतो. हवा दोन मीटरच्या वेगाने वर जात असेल तर तो एक मीटर वर जातो. हिशेब एवढाच. मात्र तो हिशेब डोक्यावर कापडाचे छत्र, हातांत दोन दोऱ्या आणि पायांखाली काहीही नाही अशा अवस्थेत करावयाचा असतो. (हिरण्यकशिपूला जमिनीवरही मरण नव्हते आणि आकाशातही नव्हते, मधल्या जागेची किंमत नृसिंहाच्या गावाला वेगळी सांगायला नको.)

या उडण्याला प्रयोजन नाही, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मनुष्य डोंगरावरून निघतो आणि पायथ्याच्या शेतात उतरतो. चालत गेला असता तर कदाचित लवकर पोहोचला असता. मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत: यश, धन, व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ मिळणारा परमोच्च आनंद आणि कांतेप्रमाणे गोड बोलून केलेला उपदेश. हौशी उड्डाणाला ही फूटपट्टी लावली तर पाचवे प्रयोजन तेवढे उरते. यश नाही, धन तर उलट जाते, आणि उपदेश कोणाला करणार? जे. आर. डी. टाटांचे उदाहरण येथे आठवते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले. त्या उड्डाणातून पुढे एक विमान कंपनी उभी राहिली, म्हणून इतिहासाने त्याची नोंद घेतली. आम्हाला मात्र १९८२ चे उड्डाण अधिक मोलाचे वाटते. पन्नास वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून तोच मार्ग पुन्हा एकट्याने कापला. त्या वेळी त्यांनी टपाल आणावे अशी कोणाचीही गरज नव्हती.

निष्प्रयोजन आनंद दिसला की त्यावर खेकसणारा कोणीतरी उभा राहतोच. आंतरजालावरील अशा माणसाला इंग्रजीतून आलेला 'ट्रोल' हा शब्द आता आपल्याकडे रुळला आहे. वृत्तपत्रांतून 'जल्पक' असा प्रतिशब्दही वाचायला मिळतो. शब्द चांगला आहे, पण आमच्या मते तो किंचित चुकीच्या माणसाला चिकटवला आहे. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून चाललेली चर्चा तो वाद. जिंकावे म्हणून चाललेली, छलाचा वगैरे आधार घेणारी, ती जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचा पाडण्यासाठी चाललेली, ती वितंडा. जल्पकाला निदान स्वतःची बाजू असते, ती पडू शकते. ट्रोलाला बाजूच नसते. म्हणून त्याला हरवता येत नाही. तो वैतंडिक होय.

छलाचे शास्त्रकारांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे त्याच्याजवळ नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! दीड-दोन हजार वर्षांत या कलेत फारशी प्रगती झालेली दिसत नाही. आमच्या परिचयातील एका शिक्षिकेने दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंगचे प्राथमिक शिक्षण घेतले आणि शिक्षकांच्या एका व्हॉट्सअॅप गटावर आपले छायाचित्र टाकून खाली एक ओळ लिहिली, की आज पहिल्यांदा पाय जमिनीवर नव्हते. तासाभरात उत्तरे आली. मॅडमचे पाय जमिनीवर कधी होते? वर्गाचा निकाल जमिनीवर आहे, त्याचे काय? त्यानंतर घरी स्वयंपाक कोण करीत होते याची चौकशी झाली, कपड्यांविषयी बोलले गेले, आणि पुढचे येथे लिहिण्याजोगे नाही. ज्यांनी ते लिहिले त्यांतले दोघे भाषा शिकवतात.

या गर्दीत एक प्रश्न वेगळा होता. एका वयस्कर गुरुजींनी विचारले, दोर तुटला तर काय? राखीव छत्र असते का? विमा असतो का? बाईंनी संतापाच्या भरात त्यांनाही इतरांसारखेच समजून उत्तर दिले नाही. हे आम्हाला सर्वांत वाईट वाटते. वितंडेचे खरे नुकसान तिच्या शिव्यांत नसून ती वादाची जागा खाते यात आहे. शंभर खेकसणाऱ्यांत एक शंका विचारणारा उभा असतो, आणि तो ओळखू येईनासा होतो.

हा भेद महाराष्ट्राला नीट कळायला हवा होता, कारण आपल्याकडे त्याचे एक ठळक प्रकरण आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे सांगितले जाते. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. तळपदे यांच्या कथेशी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचे नाव नेहमी जोडले जाते. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी तो ग्रंथ अभ्यासला. त्यांनी त्याची टर उडवली नाही. त्यांनी तो वाचला, त्याच्या भाषेचा आणि प्रकट होण्याचा काळ तपासला, त्यातील विमानांच्या आकृत्यांना वायुगतिशास्त्राचे नियम लावले, आणि ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, त्यातील एकही विमान उडणार नाही, असा निष्कर्ष काढला. अमान्य करणाऱ्यासाठी त्यांनी प्रत्येक पायरी उघडी ठेवली. यालाच वाद म्हणतात. पुढे जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा काय झाले? एका बाजूने पुष्पक विमानाच्या विनोदांचा पूर आला. दुसऱ्या बाजूने, पुरावा मागणारा प्रत्येकजण देशद्रोही ठरला. चाळीस वर्षांपूर्वीचा तो अभ्यास मुळातून वाचण्याची तसदी दोन्ही बाजूंच्या फार थोड्यांनी घेतली असावी. आणि खुद्द तळपदे? उडण्याच्या ध्यासाने झपाटलेला एक मुंबईकर, हे त्यांचे रूप या गदारोळात कोणालाच नको होते. एका बाजूला ते पुरावा म्हणून हवे होते, दुसऱ्या बाजूला विनोद म्हणून.

उपहासाला उत्तर द्यावे की देऊ नये? 'दुर्लक्ष करावे' हा सल्ला सोपा आहे, आणि तो बहुधा ज्याची टर उडवली जात नाही असा मनुष्य देतो. विमानाच्या इतिहासात याची दोन्ही उत्तरे सापडतात. अमेरिकेतील सॅम्युअल लँग्ले हा मान्यवर शास्त्रज्ञ. त्याचे यंत्र ७ ऑक्टोबर १९०३ रोजी नदीत कोसळले, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दोनच दिवसांनी लिहिले, की उडणारे यंत्र घडवायला माणसाला दहा लाख ते एक कोटी वर्षे लागतील. ८ डिसेंबरला ते पुन्हा पडले आणि वृत्तपत्रांनी त्याची मनसोक्त थट्टा केली. त्यानंतर नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, राइट बंधू उडाले. पहिले उड्डाण बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे. लँग्ले १९०६ मध्ये वारला. राइट बंधूंची कथा पुढे बोधकथेसारखी सांगतात: ते गप्प राहिले आणि कृतीने उत्तर दिले. हे अर्धेच खरे. १९०५ च्या अखेरीपासून १९०८ च्या मेपर्यंत ते उडालेच नाहीत. आपले गुपित फुटेल या भीतीने त्यांनी यंत्र झाकून ठेवले. या काळात फ्रेंचांनी त्यांना थापाडे म्हटले, तेव्हा त्यात नुसता द्वेष नव्हता. जो दाखवत नाही त्याच्याविषयी शंका घेण्याचा अधिकार इतरांना असतो. ८ ऑगस्ट १९०८ रोजी विल्बर राइट फ्रान्समध्ये ल माँ येथे दोन मिनिटांहून कमी वेळ उडाला, आणि त्याला थापाडा म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांनी आपले शब्द जाहीरपणे मागे घेतले. जे मागे घेऊ शकले ते शंकेखोर होते. वैतंडिकाला मागे घ्यायला काही नसते.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या मुंबईतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोंदणी व्हायला २०१७ उजाडले आणि उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९. गच्चीवर विमान बांधणाऱ्या माणसाला शेजारी काय काय म्हणू शकतात याची कल्पना वाचकांनी करावी. परंतु नागरी विमान वाहतूक खात्याने मागितलेली कागदपत्रे ही टीका नव्हे आणि टवाळीही नव्हे. हवेत जाणाऱ्या वस्तूला प्रश्न विचारलेच पाहिजेत. ती खाली कोणाच्या तरी अंगावर पडते. प्रश्न विचारायला दिरंगाई किती लागावी, हा विषय वेगळा. असो.

जुन्या कवींनी हा सगळा प्रकार ग्रंथारंभीच उरकून टाकला होता. बाणभट्टाने 'कादंबरी'च्या आरंभी दुर्जनांची दखल घेतली. तुलसीदासांनी तर 'रामचरितमानसा'त खलांना वंदनच केले, आणि त्या वंदनाला जी धार आहे ती शिवीला येणार नाही. ज्ञानदेवांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले. आपण वर्गात हे शिकवताना संकेत म्हणून सांगतो आणि पुढे जातो. आम्हाला वाटते, तो नुसता संकेत नव्हता. निंदक येणार हे गृहीत धरून, त्याला उंबऱ्यावरच एक आसन देऊन, कवी मग आत आपल्या कामाला लागत असे. निंदकाला ग्रंथाच्या मधोमध बसवण्याची पद्धत आपली, अलीकडची.

न्यायसूत्रांत एक दृष्टान्त आहे, तो परभणीच्या शेतकऱ्याला लगेच पटेल: कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसे तत्त्वाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा वापरावीत. म्हणजे शास्त्रकारांनी वितंडेलाही एक जागा दिली आहे. धुऱ्यावर टाकलेली बाभळीची काटी उपयोगाचीच असते. ज्याच्या रानात पेरणीच नाही, त्याने मात्र नुसती काटी टाकून रस्ता अडवू नये.

त्या शिक्षिकेने तो गट सोडला. पुढच्या हिवाळ्यात त्या पुन्हा कामशेतला गेल्या, हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी आणि योगायोगाने कळले. छायाचित्र नाही, ओळ नाही. त्यांचे उडणे थांबले नाही, थांबले ते सांगणे. आणि ते नुकसान त्यांच्यापेक्षा आमचे अधिक आहे. मराठीत प्रवासवर्णनांचे ढीग आहेत, परंतु निव्वळ हौसेने हवेत गेलेल्या माणसाने, त्यातही स्त्रीने, तिथला अनुभव लिहिल्याचे शोधावे लागते. समीक्षकही येथे अगदीच निर्दोष नाहीत. दुःखाच्या लेखनाला आपण आदराने उभे राहतो; आनंदाच्या लेखनाला मात्र आधी बांधिलकीचा दाखला मागतो. बाईंच्या त्या गटाची भाषा ग्राम्य होती आणि आपली पारिभाषिक असते, पण आनंद दिसताच भुवई वर जाण्याची सवय दोन्हीकडे सारखीच आढळते.

अखेरीस आम्ही त्यांच्याकडे लेख मागितला. त्या वयस्कर गुरुजींचे तीन प्रश्नही सोबत दिले, आणि उत्तर द्यायचे तर या तिघांना द्यावे असे सुचवले. आठ पाने आली आहेत. राखीव छत्राचे, विम्याचे आणि दोरांचे उत्तर पहिल्याच पानावर आहे: दोर एक नसतो, पुष्कळ असतात. त्यापुढची सात पाने हवेच्या खांबात घेतलेल्या एका वळणाची आहेत. त्यांनी सर्वत्र 'थर्मल' असे लिहिले आहे. आमच्यातील एकाचे म्हणणे, 'वावटळ' हा चांगला शब्द असताना हे कशाला? बाईंचे म्हणणे, धूळ दिसते ती वावटळ. न दिसणाऱ्या वाऱ्याला आपल्याकडे नाव नाही, आणि नाव नसलेल्या वस्तूला आधी अंगावर घ्यावे लागते. सध्या दोघेही शेतकऱ्यांना विचारत हिंडत आहेत.