दोन रकान्यांतली भेट

पदवीच्या अनिवार्य इंग्रजीच्या पुस्तकांत अलीकडे एक घटक हमखास आढळतो. भेटल्यावर काय म्हणावे, स्वतःची आणि दुसऱ्याची ओळख कशी करून द्यावी, निरोप कसा घ्यावा, असा त्याचा विषय असतो. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘फॉर्मल’, उजवीकडे ‘इनफॉर्मल’. डावीकडे ‘गुड मॉर्निंग, सर’, ‘हाऊ डू यू डू?’, ‘मे आय इंट्रोड्यूस मायसेल्फ?’, उजवीकडे ‘हाय’, ‘व्हॉट्स अप?’, ‘सी यू’, ‘टेक केअर’. अमरावती-अकोल्याकडच्या महाविद्यालयांत बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना हे पाठ करावे लागते. परीक्षेत अर्धवट संवाद पुरा करायला येतो आणि मुले तो पुराही करतात. मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला एवढे इंग्रजी यायलाच हवे, याविषयी माझा वाद नाही. वाद आहे तो त्या उभ्या रेघेशी.

ही रेघ असे गृहीत धरते की अभिवादन म्हणजे एक शब्द. प्रसंग ओळखावा, रकाना निवडावा, शब्द उच्चारावा, की झाले. भाषाविचाराने हे गृहीतक शंभर वर्षांपूर्वीच मोडीत काढले आहे. ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या १९२३ सालच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ला जोडलेल्या निबंधात मॅलिनोव्स्कीने ‘फॅटिक कम्युनियन’ ही संकल्पना मांडली. भेटीगाठीतल्या बोलण्याचे काम माहिती देणे नव्हे, तर माणसांत नाते बांधणे आहे, हा तिचा गाभा. ‘काय चाललंय?’ असे विचारणाऱ्याला दिवसभराचा हिशेब नको असतो. एम.ए.च्या वर्गात भाषाविज्ञानाच्या तासाला आपण हे मोठ्या आवेशाने सांगतो, आणि भिंतीपलीकडच्या वर्गात त्याच महाविद्यालयाची मुले भेटीचे शब्द पाढ्यांसारखे घोकत असतात. मधली भिंत दोन्ही विभागांना सोयीची आहे.

बरे, त्या रकान्यांतले इंग्रजी तरी कोणते? ‘हाऊ डू यू डू?’ हा प्रश्न नाही. त्याला रीतसर उत्तर म्हणजे उलट ‘हाऊ डू यू डू?’ एवढेच. आज खुद्द इंग्लंडातही ते क्वचितच कानी पडते. आपला विद्यार्थी मात्र त्याला ‘आय ॲम फाइन, थँक यू’ असे मनापासून उत्तर देतो, कारण हे वाक्य नेमके कोणते काम करते ते त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ‘गुड नाइट’ हे निरोपाचे बोलणे आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. रात्री आठ वाजता दारात उभे राहून ‘गुड नाइट, सर’ म्हणत आत येणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपण हसलो असू. पण ‘इव्हनिंग’ने भेटावे आणि ‘नाइट’ने निघावे, हा भेद रकान्यांत कुठे आहे?

शब्दांची वंशावळही कोणी उघडून दाखवत नाही. ‘गुडबाय’ हे ‘देव तुझ्यासोबत असो’ अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी वाक्याचे झिजलेले रूप आहे. आपल्या कीर्तनकाराला ते परके वाटू नये. ‘हॅलो’ तर भेटीचा शब्द म्हणून घरोघरी पोचला तो टेलिफोनमुळे. ग्रॅहॅम बेलला फोनवर ‘अहॉय’ हवे होते, एडिसनने ‘हॅलो’चा आग्रह धरला. नवे यंत्र आले, समोरचा माणूस दिसेना, तेव्हा त्याचे लक्ष वेधायला एक हाक हवी होती. संबंधाची गरज आधी, शब्द मागाहून.

हे ध्यानात न घेता शब्दच बदलायला निघाले म्हणजे काय होते, ते महाराष्ट्राने २०२२ साली पाहिले. १ ऑक्टोबरच्या शासननिर्णयाने शासकीय आणि अनुदानित संस्थांतल्या कर्मचाऱ्यांना आवाहन केले की, ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे. दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून मोहीम सुरू झाली. कारण काय, तर ‘हॅलो’ हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे आणि त्याला काही विशिष्ट अर्थ नाही. अर्थ नाही हेच तर त्याचे सामर्थ्य! ज्याला काही अर्थ नाही तो शब्द कोणालाही कोणाशीही बोलता येतो. सक्ती नव्हती, त्यामुळे प्रकरण लवकरच विरले. पण इंग्रजीचे पुस्तक आणि हा शासननिर्णय एकाच समजुतीची अपत्ये आहेत. एकाला वाटते ‘हॅलो’ शिकवला की माणूस सुधारला. दुसऱ्याला वाटते ‘हॅलो’ काढला की माणूस आपला झाला.

अभिवादनावर सरकारी हुकूम हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. १७७९ साली पुणे दरबाराच्या तक्रारीवरून मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांना ‘नमस्कार’ हा शब्द वापरायला मनाई केली. भांडण व्याकरणाचे नव्हते. ‘नमस्कार’ हे ब्राह्मणांचे अभिवादन. ते सोनाराने केले तर उतरंडीतली एक पायरी पुसली जाते, हे भांडण होते. त्याच समाजाने महाराच्या तोंडी ‘जोहार’ ठेवला होता, आणि तो कोणी कोणापुढे, किती अंतरावरून करायचा हेही ठरवून दिले होते. म्हणून ‘जय भीम’ या दोन शब्दांचे मोल वेगळे आहे. कामठीच्या बाबू हरदास यांच्या नावाशी जोडले जाणारे हे अभिवादन दोन्ही बाजूंनी सारखेच म्हटले जाते. त्यात वरचा-खालचा नाही. पुस्तकाच्या कोणत्या रकान्यात ते बसवाल? ते बापाला म्हणता येते, मित्राला म्हणता येते, मंत्र्यालाही म्हणता येते.

वऱ्हाडातला विद्यार्थी या बाबतीत कोरी पाटी घेऊन येत नाही. अकोल्याच्या बाजारात कापडाच्या दुकानी संध्याकाळी काम करणारे पोर घ्या. खेड्यातून आलेल्या पाटलाला ‘रामराम’, कोणाला ‘जय भीम’, बाळापूरहून आलेल्या गिऱ्हाइकाला ‘सलाम’, शेठजींना ‘जय जिनेंद्र’, शेगावची वारी करणाऱ्या मावशीला ‘जय गजानन’. मोझरीच्या गुरुकुंजाकडचा, तुकडोजी महाराजांच्या परंपरेतला माणूस आला तर ‘जय गुरुदेव’, आणि महानुभावांपैकी कोणी असेल तर ‘दंडवत प्रणाम’. तासाभरात हे पोर सहा-सात अभिवादने बदलते आणि चुकत नाही. समोरच्याचा पेहराव, वय, बोलण्याची ढब, कपाळ, गळ्यातली माळ असे सगळे क्षणात वाचते. हेच पोर दुसऱ्या दिवशी वर्गात ‘फॉर्मल’ आणि ‘इनफॉर्मल’च्या जोड्या लावताना चुकते, आणि आपण म्हणतो की याला संभाषणकौशल्य नाही.

ब्राऊन आणि गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांवर लिहिताना सत्ता आणि आपलेपणा असे दोन अक्ष दाखवले. आपले तू, तुम्ही आणि आपण या दोन्ही अक्षांवर सतत हलत असतात. सासऱ्याला ‘तुमी’ आणि आईला ‘तू’ म्हणणारा मुलगा आईला कमी मान देतो, असे कोणी म्हणणार नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) वर्गात शिकवताना कोण कोणाला कशी हाक मारतो एवढेच तपासून पाहावे, घराची अर्धी कथा हाती लागते. इंग्रजीने ‘दाऊ’ टाकून दिले, सगळ्यांना ‘यू’ म्हटले. पण अंतर राखायचे काम संपले नाही. ते ‘वुड’, ‘कुड’, ‘मिस्टर’, ‘डॉक्टर’ यांच्याकडे गेले. ‘तू ये’ आणि ‘आपण यावे’ यांत आपले क्रियापद जे करते, ते इंग्रजीत ‘कम’ आणि ‘वुड यू लाइक टु कम’ यांत होते. ही एक गोष्ट वऱ्हाडीतून समजावली तर मुलाला इंग्रजीचा शिष्टाचार आतून कळेल. रकाना ते सांगत नाही, कारण रकान्याला मुलाची भाषा दिसतच नाही.

निरोपाचेही तेच. आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. गेला म्हणजे मेला, ही धास्ती त्यामागे आहे. दिवा विझवत नाहीत, शांत करतात, तसेच हे. शिवाय वऱ्हाडातला निरोप एका वाक्यात उरकत नाही. एकदा बसल्या जागी ‘येतो मंग’, मग ‘बसा न बाप्पा, चा घेऊन जा’, पुन्हा उंबऱ्यात, पुन्हा फाटकाशी. अशा घरातला मुलगा साहेबाच्या खोलीतून निघताना ‘आय ॲम कमिंग, सर’ म्हणतो तेव्हा त्याने आपल्या भाषेतला सर्वांत सभ्य निरोप घेतलेला असतो. चूक दुरुस्त जरूर करावी. पण आधी ती कशाची चूक आहे ते कळायला हवे.

आता खरा आक्षेप. ओळख. ‘कोन गावचे?’, ‘कोनाच्या घरचे?’ या प्रश्नांच्या मायेचे गोडवे आपण साहित्यिक मंडळी फार गातो. त्या मायेच्या टोकाला काय असते ते सांगत नाही. वऱ्हाडात वानखडे, इंगळे ही आडनावे अनेक जातींत आहेत. म्हणून मुलाने ‘वानखडे’ म्हटले की पुढचा प्रश्न येतो, ‘कोनते वानखडे?’ हा प्रश्न भाड्याने खोली शोधताना येतो, सोयरिकीत येतो, आणि शिक्षकांच्या खोलीतही येतो. अशा मुलाला ‘माय नेम इज...’ म्हणून थांबता येणे हा फार मोठा दिलासा आहे. इंग्रजीकडे ओढ घेणाऱ्या विद्यार्थ्याला आत्मविस्मृत ठरवणाऱ्या मराठीच्या कैवाऱ्यांनी हे आधी ऐकून घ्यावे. मराठी ओळख ज्याला प्रत्येक वेळी उलटतपासणीसारखी वाटते, त्याने तिच्यावर प्रेम का करावे?

पण इंग्रजीचा तो रकाना तरी हा दिलासा पुरता देतो काय? आमच्याकडे पाठ करून घेतली जाणारी ओळख नावावर थांबत नाही. पूर्ण नाव, वडिलांचा व्यवसाय, मूळ गाव, कुटुंबातली माणसे. ‘नेटिव्ह प्लेस’ म्हणजे ‘कोन गावचे?’ आणि ‘फॅमिली बॅकग्राउंड’ म्हणजे ‘कोनाच्या घरचे?’ प्रश्न तेच, फक्त टाय घालून आलेले. मुलाला शिकवायला हवे होते ते हे की, ओळख देताना काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे, आणि नको तो प्रश्न सभ्यपणे परतवताही येतो. मराठीत कसा, इंग्रजीत कसा, याची वाक्ये त्याच्या हाती द्यावीत. त्यासाठी त्या पानावर एक ओळही नसते.

इंग्रजी विभागाला बोल लावून मराठी विभाग सुटत नाही. आम्ही ‘मले’चे ‘मला’ आणि ‘तुले’चे ‘तुला’ करण्यात पंचवीस-पंचवीस वर्षे घालवली. रामराम ग्रामीण, जय भीम दलित, दंडवत सांप्रदायिक, नमस्कार तेवढा मराठी, ही विभागणी आमच्याच निबंधांनी रुजवली. तीही एक रकानेबाजीच. मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. ज्या गावी म्हाइंभटाने लीळाचरित्रासाठी आठवणी जमवल्या, कोण कोणाला कुठे भेटले आणि काय बोलले ते आस्थेने नोंदवले, त्या गावापासून तासाभराच्या अंतरावर मराठीचा पदवीधर चार माणसांत स्वतःचे नाव सांगायला बिचकतो. कोणत्याही भाषेत बिचकतो.

वेळापत्रकात या घटकाला चार-पाच तास मिळतात. त्यातले दोन मराठीच्या शिक्षकाने मागून घ्यावेत. एका तासाला मुलांनी आपापल्या घरी, बाजारात, मंदिरात, विहारात, मशिदीत ऐकलेली भेटीची आणि निरोपाची वाक्ये फळ्यावर लिहावीत, कोण कोणाला म्हणतो तेही पुढे लिहावे. फळ्यावर उभी रेघ मारायची झालीच तर ती कुठे मारायची, ते मुलांनीच सांगावे. दुसऱ्या तासाला एकच प्रश्न घ्यावा, ‘कोनते वानखडे?’ याला उत्तर काय द्यायचे. आधी वऱ्हाडीत, मग इंग्रजीत. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी त्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसावे.