नाण्यावरचा छाप आणि नाण्यामागची सत्ता

विठ्ठलवाडीच्या एखाद्या कारखान्यात राबणाऱ्या नेपाळी मजुराने १०० भारतीय रुपये घरी पाठवले, तर तेथे त्यांचे १६० नेपाळी रुपये होतात. १९९३ पासून हा दर बदललेला नाही. ही स्थिरता मजुराच्या सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यासाठी नेपाळला काय मोजावे लागते, याचा विचार भारतातील समाजवाद्यांनी तरी केला पाहिजे.

नेपाळचा बहुतांश व्यापार भारताशी चालतो आणि त्यात निर्यातीपेक्षा आयात कितीतरी पटींनी अधिक आहे. ही तूट भागवण्यासाठी नेपाळ राष्ट्र बँकेला आपल्या गंगाजळीतील डॉलर विकून भारतीय रुपये घ्यावे लागतात. हे डॉलर प्रामुख्याने आखातात आणि मलेशियात घाम गाळणाऱ्या नेपाळी तरुणांच्या कमाईचे! शिवाय डॉलरपुढे भारतीय रुपया घसरला की नेपाळी रुपयाही तितकाच घसरतो. रुपयाविषयीचे निर्णय मुंबईत आणि दिल्लीत होतात. काठमांडूला त्यात मत नाही.

हा प्रकार आपल्या मुलखाला अपरिचित नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्याची जकात ब्रिटिश हिंदुस्थानच्या जकातीशी जोडली, गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती दिला आणि गोव्याचे चलन इंग्रजी रुपयाच्या बरोबरीला आणले. १८८१ ची गोव्याची नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली. छाप पोर्तुगालच्या राजाचा, मोल मात्र इंग्रजी रुपयाचे! करार १८९२ मध्ये संपला; परंतु गोव्याचा बाजार आणि मुंबईतून जाणारी गोवेकरांची कमाई इंग्रजी रुपयाशीच बांधलेली राहिली, आणि चलनाची बरोबरीही टिकली.

तात्पर्य, चलनाचे स्वातंत्र्य छापखान्यात ठरत नाही. ते उत्पादनात आणि व्यापारात ठरते. म्हणूनच नेपाळला हा दर मोडण्याचा सल्ला देणे हा उपाय नव्हे. त्याची पहिली झळ तेथील गरिबाच्या चुलीलाच लागेल. खरी जबाबदारी मोठ्या शेजाऱ्याची आहे. नेपाळी मालाला आणि विजेला भारताची बाजारपेठ खुली असली पाहिजे. १९८९ मध्ये व्यापार व पारगमनाचे करार संपताच सीमेवरील बहुतेक नाकी बंद झाली. तसे पुन्हा घडता कामा नये. १९४६ मध्ये मडगावात साम्राज्यशाहीला आव्हान देणाऱ्या डॉ. लोहियांचा वारसा सांगणाऱ्यांनी हे आपल्याच सरकारला बजावण्यात कुचराई करू नये.